बोडका नारळ

परवा घरी छोटीशी पूजा होती. सामान आणायला मी भद्रकालीत जाणार होतो, पण नातू म्हणाला, "आजोबा, कशाला उन्हात जाताय, मी मोबाइलवरून मागवतो." तासाभरात पिशवी दारात. सुपारी होती, कापूर होता, हळकुंडं होती. आणि प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेला एक नारळ होता. चेंडूसारखा गुळगुळीत. शेंडी नाही, काही नाही.

सौ.ने तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा तर बोडका नारळ! पूजेला कसा चालेल? शेंडीचा लागतो."

नातू हसला. "आजी, शेंडी काय खायची आहे का?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात मात्र ते दोन शब्द घुसून बसले. शेंडी आणि बोडका. चाळीसेक वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे शब्द असा टोचला की तो सोडवत नाही. शेवटी मीच चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानातून शेंडीचा नारळ आणला. जाता-येता याच शब्दांचा विचार करत होतो. तो आज लिहून काढतो आहे.

आधी नारळाचंच बघा. सोलणारा माणूस नारळाचं सगळं सोडण काढतो आणि वरच्या टोकाला थोडंसं मुद्दाम ठेवतो. त्या झुपक्याखाली नारळाचे तीन डोळे असतात. त्यातला एक डोळा मऊ असतो, कारण कोंब तिथूनच बाहेर यायचा असतो. शेंडी उपटली की तो डोळा उघडा पडतो, तिथून हवा-पाणी आत जातं आणि खोबरं लवकर खराब होतं. म्हणजे शेंडी ही केवळ पूजेची हौस नाही, तिच्यामागे साधं व्यवहाराचं शहाणपण आहे. दुकानदार नारळ टिकावा म्हणून ती राखतो आणि आपण तिला हळदकुंकू लावतो.

आपल्या भाषेत या शब्दाचा संसार केवढा मोठा आहे! अंगणातल्या बुलबुलाच्या डोक्यावर असते ती शेंडी. लहान मुलीचे केस डोक्यावर मधोमध रबर लावून उभे केले की आज्या म्हणतात, "काय गं ही शेंडी बांधलीस!" कुणी कुणाला फसवलं तर 'शेंडी लावली'. कुणी कुणाच्या मुठीत असेल तर 'त्याची शेंडी अमक्याच्या हातात आहे'. काय व्हायचं ते होवो पण हे करणारच, असा हट्ट धरला की 'शेंडी तुटो की पारंबी तुटो'. आणि ज्या बोलण्याला आगापिछा नाही ते 'ना शेंडा ना बुडखा'. वर्गात मुलांचे निबंध तपासताना हा शेरा मी किती वेळा लिहिला असेल, देव जाणे.

गंमत म्हणजे वर आलेल्या प्रत्येक गोष्टीला आपण शेंडी म्हणत नाही. कोंबड्याच्या डोक्यावर तुरा असतो, फेट्यालाही तुरा असतो. तुरा मिरवायचा असतो, डोक्यात तुरा खोवता येतो. शेंडी मात्र खोवता येत नाही, ती राखावी लागते. 'शेंडी राखली' असंच आपण म्हणतो. हे क्रियापद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शब्दाचं मूळ संस्कृत 'शिखंड' या शब्दात आहे. शिखंड म्हणजे मुंडन करताना डोक्यावर राखलेले केस. मोराच्या तुऱ्यालाही शिखंड म्हणत, म्हणून मोराचं एक नाव शिखंडी. शिखा, शिखर ही त्याच घरातली माणसं, आणि 'नखशिखांत' हा शब्द तर आपण रोज वापरतो. म्हणजे पायाच्या नखापासून शेंडीच्या टोकापर्यंत. आपल्या नाशिकच्या नावाचीही एक उपपत्ती 'नवशिख' अशी सांगतात. नऊ टेकांवर वसलेलं गाव ते नाशिक. दुसरी गोष्ट सर्वांना ठाऊक असलेली, लक्ष्मणाने पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक. पांडवलेण्यांतल्या सातवाहन राजा कण्हाच्या वेळच्या शिलालेखात गावाचं नाव नासिक असंच आलेलं आहे आणि पतंजलीच्या महाभाष्यात 'नासिक्य' आहे, म्हणजे नाव दोन हजार वर्षांपूर्वीही जवळपास हेच होतं. त्यामुळे माझं मत नाकाच्या बाजूने झुकतं. पण गंमत बघा, नाक घ्या नाहीतर शिखर घ्या, आपल्या गावाचं नाव पुढे आलेल्या कशावरून तरीच पडलेलं आहे!

आता दगडाची शेंडी. तुम्ही मनमाडहून दौंडकडे रेल्वेने गेला असाल तर अंकाई-टंकाईच्या जवळ एक डोंगर दिसतो. त्याच्या माथ्यावर एकच उभा सुळका, मुठीतून वर काढलेल्या अंगठ्यासारखा. हल्लीची मुलं त्याला 'थम्सअप' म्हणतात. गावोगावची जुनी माणसं म्हणतात हडबीची शेंडी. शाळेच्या सहलीत मुलं मला विचारायची, "सर, हा दगड एवढा वर कसा आला?"

मी त्यांना सांगायचो की तो वर आलेला नाहीच. आपला हा सगळा मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाला. तेव्हा इथे सगळीकडे त्या सुळक्याएवढ्या उंचीचा किंवा त्याहून उंच खडक होता. मग ऊन, वारा, पाऊस यांनी तो झिजवला, कोसळवला, वाहून नेला. जे टणक होतं, जे तडकलं नाही, तेवढं उभं राहिलं. आपल्याला वाटतं शेंडी उगवली. खरं तर बाकीचं डोकं भादरलं गेलं आणि एवढी उरली.

मुलांना हे पटायला वेळ लागायचा. मलाही लागला होता. शेंडी म्हणजे बाहेर आलेली वस्तू नव्हे, शेंडी म्हणजे मागे राहिलेली वस्तू. नारळाची तशीच, डोंगराची तशीच, डोक्यावरची तशीच. आपल्या गोदाकाठची जुनी मातीची गढी घ्या, जिला लोक काझीची गढी म्हणतात. मी जन्मलो त्या सुमाराला, १९५०-५१ साली, डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला. एका वस्तीच्या मातीवर दुसरी वस्ती, तिच्यावर तिसरी, असा तो दोन हजारांहून अधिक वर्षांचा ढीग. नदी तिची कड खात राहिली. आजही पावसाळा आला की तिथली माती ढासळते आणि वर राहणाऱ्या कुटुंबांना जागा सोडायच्या सूचना निघतात. तीही गावाची एक शेंडीच, झिजता झिजता राहिलेली.

शेंडीचा भाऊ शेंडा मात्र अगदी उलट स्वभावाचा. झाडाचा शेंडा म्हणजे जिथून झाड वाढतं ते टोक. शेंडी राहिलेली, शेंडा वाढणारा. आमच्या भागात द्राक्षवाल्यांच्या तोंडी हा शब्द फार. माझा एक जुना विद्यार्थी निफाडकडे बाग करतो. एकदा त्याच्याकडे गेलो तेव्हा ऑक्टोबरची छाटणी होऊन गेली होती, घड दिसू लागले होते आणि बायका ओळीने वेलींची कोवळी टोकं खुडत चालल्या होत्या. मी म्हटलं, "अरे, एवढी चांगली वाढ तोडून का टाकतोस?" तो म्हणाला, "सर, शेंडा मारला नाही तर वेल नुसती पळत सुटते, घडाला काही मिळत नाही." मास्तरला शिष्याने धडा दिला! वेलीच्या शेवटच्या टोकाला उशिरा धरलेलं फळ ते शेंडेफळ, आणि घरात शेवटी जन्मलेलं मूलही शेंडेफळ. मी आमच्या घरचा शेंडेफळ. पाच भावंडांत धाकटा.

या शेंडेफळालाही एके काळी शेंडी होती, हे माझ्या नातवंडांना खरं वाटत नाही.

माझी मुंज १९५८ साली झाली, आठव्या वर्षी. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात पाहुण्यांची गर्दी, चौकात मांडव, आणि मी पाटावर बसलेलो. न्हाव्याने धोकटीतून वस्तरा काढला. पाणी लावून त्याने डोकं चकोट केलं आणि मागच्या बाजूला गाईच्या खुराएवढा घेर ठेवला. आजोबांनी स्वतः वाकून पाहिलं, नीट राखलाय की नाही. डोक्याला गार वारा लागत होता आणि मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

ते मोठेपण शाळेत आठवडाभर टिकलं. मागच्या बाकावरची मुलं शेंडी ओढायची. कुणी तिला सुतळी बांधायचं. एक मास्तर तर प्रश्नाचं उत्तर आलं नाही की शेंडीलाच धरून उभं करायचे. बाकीचे केस वाढले, तरी शेंडी लांब म्हणून वेगळी दिसायचीच. चार वर्षं काढली. १९६२ च्या उन्हाळ्यात एका दुपारी, सगळे झोपले असताना, आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली, माळ्यावर गेलो आणि कापून टाकली. कापली आणि मग रडू कोसळलं. आता आजोबा काय म्हणतील?

आजोबांनी संध्याकाळी पाहिलं. काही बोलले नाहीत. संध्या करायला बसले आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वेळ बसले. मला वाटतं, मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

एवढ्याशा केसांसाठी माणसं इतकी हळवी का होतात? आपल्याकडेच नव्हे, जगभर. चीनमध्ये मांचूंनी राज्य घेतल्यावर १६४५ साली हुकूम काढला की प्रत्येक पुरुषाने डोक्याचा पुढचा भाग भादरायचा आणि मागे वेणी राखायची, नाहीतर शिरच्छेद. त्यासाठी माणसं लढली आणि मेली. अडीचशे वर्षांनी तीच वेणी इतकी आपली वाटू लागली की १९११ च्या क्रांतीनंतर ती कापायलाही कित्येकांचा जीव धजेना. आणि आपल्याकडे संन्यास घेणारा आधी शेंडी आणि जानवं सोडतो. कुंभमेळ्यात रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी असे शेंडी सोडलेले साधू आपण पाहिलेलेच आहेत. घरदार, नातीगोती सुटली याची खूण काय? तर राखलेलंही आता राखायचं नाही.

पण तो सोडणारा स्वतः सोडतो. इथे मला आक्काची गोष्ट सांगितली पाहिजे. खरं म्हणजे ती सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो.

आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. आम्ही सगळेच, वडीलसुद्धा, तिला आक्काच म्हणायचो. चौदाव्या वर्षी ती विधवा झाली आणि माहेरी परत आली. तांबडं आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत काम. वाड्याच्या मागच्या दाराने महिन्यातून एकदा न्हावी यायचा. तेव्हा आम्हा मुलांना पुढच्या चौकात पिटाळत. मी एकदा दाराच्या फटीतून पाहिलं. परसातल्या विहिरीशेजारी आक्का खाली मान घालून बसली होती आणि वस्तरा फिरत होता. तोच न्हावी, तीच धोकटी, तोच वस्तरा. माझ्या डोक्यावर थोडं राखलं होतं. तिच्या डोक्यावर काही राखायचं नव्हतं.

जुन्या शब्दकोशांत 'बोडकी' या शब्दाचा अर्थ केस काढलेली बाई, विधवा, असा दिलेला आहे. बायका भांडताना एकमेकींना ही शिवी देत. वाड्यातल्या एका बाईने नळावर आक्काला हा शब्द वापरलेला मी ऐकला होता. एकाच वस्तऱ्यातून भाषेला दोन शब्द मिळाले. थोडं राखलं ती शेंडी, मानाची. काहीच राखलं नाही ती बोडकी, अपशकुनी.

पुढे इतिहास शिकवताना मला १८९० हे साल फार महत्त्वाचं वाटू लागलं. त्या वर्षी मुंबईत काही शे नाभिक एकत्र जमले आणि त्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला यापुढे वस्तरा लावायचा नाही. गिरणी कामगारांचे पुढारी आणि सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. जोतीराव फुल्यांची शिकवण त्यामागे होती, आणि जोतीराव त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रात ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, जिच्यातल्या यमूचं शेवटी जबरदस्तीने केशवपन होतं. आगरकर 'सुधारका'त याच चालीवर लिहीत होते. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. मुलांना हे शिकवताना मी एक गोष्ट नेहमी सांगायचो. शिकलेली माणसं सभा घेत होती, लेख लिहीत होती, आणि ते चांगलंच होतं. पण ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवायचं ठरवलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी आपली कमाई सोडून परक्या घरच्या बायकांसाठी हे ठरवलं.

मात्र १८९० हे साल आमच्या वाड्याच्या मागच्या दारापर्यंत पोचलं नाही. आक्का त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी विधवा झाली. आणि १९६० उजाडलं तरी महिन्याच्या महिन्याला ते दार उघडतच होतं.

मी शेंडी कापली त्या रात्री आक्काने मला जवळ बोलावलं. मानेवरून हात फिरवला, जिथे शेंडी होती तिथे बोट ठेवलं आणि म्हणाली, "कापलीस?" मी म्हटलं, "हो. तू पण रागावलीस?" ती म्हणाली, "मी कशाला रागावू, बाळा. तुझे होते, तू कापलेस." एवढंच. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

दुसऱ्या वर्षी, १९६३ च्या पावसाळ्यात, आक्काने अंथरूण धरलं. दोन-तीन महिने पडून होती. न्हाव्याला बोलवायची वेळ झाली तसं आजोबांनी आईला सांगितलं, "त्याला निरोप धाडा." माझी आई उभ्या जन्मात सासऱ्यांसमोर मोठ्याने बोललेली नव्हती. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आता नको. त्यांना गार बाधतं." आजोबा थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मागचं दार बंदच राहिलं.

आक्काच्या डोक्यावर बोटभर पांढरे केस आले. तान्ह्या मुलाच्या जावळासारखे मऊ. आई रोज रात्री त्यांना खोबरेल लावायची. मी एकदा पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो तर आक्का एकटीच पडली होती, पदर खाली सरकला होता, आणि ती आपल्याच केसांवरून हळूहळू हात फिरवत होती. साठ-पासष्ट वर्षांनी तिच्या हाताला ते लागत होते. मला पाहून तिने पदर ओढला नाही.

नवरात्राच्या आधी ती गेली. केसांसकट गेली, एवढंच समाधान.

आजोबांची शेंडी शेवटपर्यंत होती. मी त्यांना वाईट ठरवत नाही, ते प्रेमळ होते आणि बहिणीच्या मागे ते फार दिवस राहिलेही नाहीत. पण डोक्यावर, डोंगरावर, नारळावर काही वर आलेलं दिसलं की मला हल्ली ते एकटं दिसत नाही. आजूबाजूचं काय गेलं आणि कुणी नेलं, हे मनात येतं. डोंगराच्या बाबतीत वाऱ्या-पावसाला जाब विचारता येत नाही. माणसांच्या बाबतीत विचारता येतो, आणि विचारला पाहिजे.

पूजा झाल्यावर सौ.ला हे सगळं सांगितलं. आक्काला तिने पाहिलेलं नाही, आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी ती गेली. ऐकून ती काही बोलली नाही. तो गुळगुळीत नारळ स्वयंपाकघरात तसाच पडला होता. दुसऱ्या दिवशी तो फोडून तिने ओल्या नारळाच्या वड्या केल्या. छान झाल्या होत्या.

काल नातवाने पुन्हा मोबाइल हातात घेतला आणि विचारलं, "आजी, नारळ कुठला मागवू? तो कसला म्हणत होतीस परवा?"

सौ. म्हणाली, "शेंडी नसलेला. कुठलाही चालेल."